मदत हवी आहे: ‘अनसॉल्व्ड मिस्टरीज’मधील कूपर प्रकरणाचा मूळ भाग

१९७१ साली पोर्टलंडहून सिएटलला निघालेले विमान पळवून, २ लाख डॉलर घेऊन पॅराशूटने उडी टाकलेल्या ‘डी. बी. कूपर’चे प्रकरण ‘अनसॉल्व्ड मिस्टरीज’ या अमेरिकी मालिकेत रॉबर्ट स्टॅक यांच्या निवेदनासह दाखवले गेले होते. मालिकेची गोडी लावणारे, माझ्या मते, याहून प्रभावी प्रकरण नाही. मात्र शोध घेतल्यावर २००८ नंतर डेनिस फरिना यांच्या निवेदनासह नव्याने जोडलेले भाग किंवा २०२० ची नवी मालिकाच समोर येते. मला केवळ स्टॅक यांचेच निवेदन असलेला, भारतातून अधिकृतपणे पाहता येईल असा भाग हवा आहे. पैसे भरावे लागले तरी चालेल. तो कोणत्या हंगामातला आहे, आणि १९८० मध्ये कोलंबिया नदीकाठी सापडलेल्या नोटांचा उल्लेख त्यात आहे का?