न्यूरेंबर्ग: तट आणि लॉरेन्झ चर्च

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराच्या किल्ल्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण तिथल्या तटाचं नाव कुणीच काढत नाही, म्हणून ही भर. जुन्या शहराभोवतीचा सुमारे ५ किलोमीटरचा कोट बराचसा अजून उभा आहे. वेशींजवळचे चार भलेथोरले गोल बुरूज मुळात चौकोनी. तोफांचा धोका वाढला तेव्हा, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, त्यांना बाहेरून दगडी आवरण चढवलं.

माझ्या मते किल्ल्यापेक्षा सेंट लॉरेन्झ चर्चला जास्त वेळ द्यावा. चर्चच्या आतला सुमारे २० मीटर उंच दगडी मनोरा शिल्पकार आडाम क्राफ्टने घडवला, आणि तळाशी गुडघे टेकून तो पेलणारा माणूस म्हणजे स्वतः क्राफ्टच! (पगार न वाढवता सही करायची ही पद्धत आवडली.) छताखाली टांगलेलं, व्हाइट श्टोस या शिल्पकाराचं लाकडी शिल्प दुसऱ्या महायुद्धात किल्ल्याच्या टेकडीखालच्या तळघरांत ठेवलं होतं, म्हणून वाचलं. ती तळघरंही बघता येतात.