५२ चं ॲव्हरेज, ११८ एमपीजी आणि नुसतंच "३.१": नक्की कोणाची गाडी कमी पिते?

अजिंक्यतारा_१२५

गाडी १२५ सीसी, बीएस६, फ्युएल इंजेक्शन. टायर आणि चेन कंपनीचेच. शेवटच्या तीन टाक्यांच्या नोंदी अशा:

३१८ किमी, ५.४१ लिटर. जवळजवळ सगळा सातारा–कराड हायवे, ५०-५५ चा वेग.
१०४ किमी, २.४७ लिटर. दोनदा कास, डबलसीट.
२७१ किमी, ५.३८ लिटर. पोवई नाका–राजवाडा रोजची ये-जा आणि थोडा हायवे, ८० पर्यंत.

म्हणजे ५८.८, ४२.१ आणि ५०.४. तिन्हींची सरासरी ५०.४. कंपनी सांगते त्याच्या बरंच खाली. गाडीत काही खोट आहे की माझ्या मोजण्यात?

दुसरं, घरच्या ग्रुपवर यावरून वाद पेटलाय. इंग्लंडातला चुलतभाऊ म्हणतो त्याची १२५ सीसी ११८ एमपीजी (म्हणजे गॅलनला मैल) देते. अमेरिकेतल्या मित्राची ३०० सीसी ७० एमपीजी. जर्मनीतली वहिनी नुसतं "३.१" लिहून मोकळी होते. मी ११८ ला २.३५ ने भागलं, ५० आले. म्हणजे चुलतभावाची आणि माझी बरोबरी, बरोबर ना?

आणि कास उतरताना गाडी न्यूट्रल करावी का?

टाकीफुल्ल

बरोबरी नाही. मैल दोन्हीकडे एकच, १.६०९ किमी, घोळ गॅलनचा आहे. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, इंग्लंडचा ४.५४६ लिटरचा. तुम्ही वापरलेला २.३५ (नेमका २.३५२) अमेरिकेच्या एमपीजीला लागतो. इंग्लंडच्या आकड्याला २.८२५ ने भागायचं. ११८ भागिले २.८२५ म्हणजे लिटरला ४१.८ किमी. मोबाईलवर बदलून बघत असाल तर आधी कोणता गॅलन निवडलाय ते बघा, वीस टक्क्यांचा फरक तिथंच पडतो.

मित्राचे ७० म्हणजे २९.८ किमी. वहिनींचा आकडा उलट्या जातीचा: १०० किमीला किती लिटर. तो जितका लहान तितकी गाडी काटकसरी. १०० भागिले ३.१ केलं की ३२.३ किमी प्रति लिटर.

वहिनींची पद्धत मात्र आपल्यापेक्षा सरळ आहे, हे मान्य करायला हवं. आपल्या आकड्यात "दहानं वाढलं" याला तसा काही अर्थ नसतो. हजार किमीचा हिशोब करा: गाडी ३० वरून ४० वर आली तर ३३.३ लिटरचे २५ झाले, ८.३ लिटर वाचले. ५० वरून ६० वर आली तर २० चे १६.७, वाचले जेमतेम ३.३ लिटर. दोन्हीकडे "दहा"च, पण खिशात फरक अडीच पट.

आता तुमची सरासरी. आपण मायलेजलाच "ॲव्हरेज" म्हणतो आणि मग ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढायला बसतो, तिथं गडबड होते. तीन भागाकारांची बेरीज करून तीनने भागायचं नसतं. एकूण किमी भागिले एकूण लिटर: ६९३ भागिले १३.२६, येतात ५२.३. तुमच्या पद्धतीत १०४ किमीच्या कासच्या नोंदीला ३१८ किमीच्या हायवेइतकाच मान मिळाला, म्हणून आकडा खाली ओढला गेला. ५२ धरलेत तर चुलतभावाच्या भाषेत ते १४७, मित्राच्या भाषेत १२२ आणि वहिनींच्या भाषेत १.९. ग्रुपवर टाका. पण ३०० सीसी आणि १२५ सीसीची तुलना करून छाती काढू नका.

नटबोल्ट_कराड

गणित झालं, पण त्यात जे आकडे घातले ते कितपत खरे? ४२.१ वर माझा विश्वास नाही.

मोटरसायकलची टाकी "फुल्ल" म्हणजे नेमकी कुठपर्यंत, यात सहज पाव लिटरचा फरक पडतो. साइड स्टँडवर तिरकी उभी असेल तर आणखी. ५.४१ लिटरमध्ये पाव लिटर म्हणजे साडेचार टक्के, चालून जातं. २.४७ मध्ये तेच दहा टक्के. म्हणजे तुमचे कासचे ४२ खरे ३८ असतील किंवा ४७ सुद्धा. दोन-अडीच लिटरवर ॲव्हरेज काढूच नये. निम्म्याच्या वर टाकी रिकामी होऊ द्या, मग भरा.

भरताना गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. पंप तोच, जमल्यास नोझलही तोच. टाकीच्या तोंडाखाली आत गळा असतो, त्याच्या खालच्या कडेला पेट्रोल टेकलं की थांबवायला सांगा. तोंडापर्यंत भरू नका. बीएस६ गाडीला पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा कॅनिस्टर असतो, त्यात पेट्रोल शिरलं की तो खराब होतो आणि गाडी स्टार्टिंगला त्रास देते. शिवाय उन्हात पेट्रोल फुगून झाकणातून पाझरतं ते वेगळंच. "दोनशेचं टाक" हा प्रकार मोजणीच्या काळात बंद. पावतीवरचे लिटर दोन दशांशांपर्यंत लिहून घ्या आणि तिथंच ट्रिप मीटर शून्य करा.

एक सोय मात्र आहे. आज टाकी थोडी कमी भरली गेली तर आजचं ॲव्हरेज चढतं, पुढचं तेवढंच पडतं. मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची चूक उरते. १३.२६ लिटरवर पाव लिटर म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. तेव्हा तुमची गाडी ५१ ते ५३ देते एवढं छातीठोक सांगता येईल. एकेका टाकीवरून काही नाही.

किलोमीटरही तपासा. हायवेच्या सरळ पट्ट्यात ३०-४० किमी मोबाईलच्या जीपीएसशी मीटर ताडून बघा. घाटात ताडू नका, वळणांवर जीपीएस कोपरे कापतं आणि अंतर कमी दाखवतं. पुढच्या चाकावरून रीडिंग घेणाऱ्या गाडीला कोणी २.७५-१८ च्या जागी ८०/१००-१८ टायर टाकला असेल, तर चाक मोठं झाल्यानं मीटर दोन-तीन टक्के कमी पळतं आणि उगाच ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं. तुमचे टायर मूळचे आहेत, म्हणजे हा प्रश्न नाही.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांसाठी: रिझर्व्ह ते रिझर्व्ह (एकदा रिझर्व्ह लागल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचे किमी मोजायचे) ही पद्धत ठीक आहे, पण दोन्ही वेळा रिझर्व्ह सपाटीवर लागायला हवं. खंबाटकी चढताना टाकी मागे कलते, पेट्रोल कॉककडून (टाकीखालच्या तोटीकडून) सरकतं किंवा कॉककडे येतं, गाडीगाडीप्रमाणे रिझर्व्ह लवकर किंवा उशिरा लागतं. इंजेक्शनच्या गाडीवर "संपेपर्यंत पळव" हा प्रयोग अजिबात करू नये. टाकीतला पंप पेट्रोलवरच थंड राहतो.

यवतेश्वरचा_चढ

कासचा आकडा कागदावरही काढता येतो. सातारा ते कास साधारण २५ किमी आणि चढ सुमारे ५०० मीटर. गाडी आणि दोन माणसं मिळून २६० किलो धरा. एवढं वजन ५०० मीटर वर न्यायला पावणेतेरा लाख ज्यूल लागतात. लिटरभर पेट्रोलमध्ये ३.२ कोटी ज्यूल असतात, पण इंजिन त्यातले वीस-बावीस टक्केच चाकापर्यंत पोचवतं. बाकी सायलेन्सर आणि फिन्समधून उष्णता होऊन जातं. म्हणजे नुसत्या चढाईला १८० मिली ज्यादा. सपाटीवर २५ किमीला ४८० मिली लागत असतील तर वर जाताना ६६०. वर जातानाचं ॲव्हरेज ३८.

उतरताना समजा ७० मिळालं. मग जाऊन-येऊन ५४ नव्हे. जाताना ६६० मिली, येताना ३६० मिली, ५० किमीला १.०२ लिटर, म्हणजे ४९. चढताना घातलेलं सगळं उतरताना परत मिळत नाही, कारण वळणावळणावर ब्रेक लावून आपण ते तापवून टाकतो. नटबोल्टभाऊंनी ३८ ते ४७ म्हटलंय, त्यातलं वरचं टोक मला खरं वाटतं. पावसाळ्यात मात्र उलटं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरवणारा तोच पश्चिमेचा वारा चढताना समोरून येतो. गाडी ६० ने आणि समोरून २० चा वारा, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनं हवेत ८० नं जाणं. हवेचा अडथळा पावणेदोन पट.

न्यूट्रल_शेठ

एवढं गणित कशाला राव. यवतेश्वर ओलांडलं की चावी बंद, न्यूट्रल, थेट समर्थ मंदिर. शून्य पेट्रोल.

नटबोल्ट_कराड

शेठ, हे कोणाला सांगू नका. इंजिन बंद केलं की त्याचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. ड्रम तापला की लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. चावी चुकून पुढं फिरली तर हँडल लॉक.

आणि इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रलनं उलट पेट्रोल जातं. गिअरमध्ये ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर असेतोवर ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) इंजेक्टर बंदच ठेवतो. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवायचं असतं, म्हणून आयडलिंगचं पेट्रोल जातच राहतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत न्यूट्रलनं थोडेफार मिली वाचतात हे खरं. तेवढ्यासाठी लायनर जाळणं परवडत नाही.

चढताना मात्र एक चूक सगळेच करतात: टॉप गिअर न सोडता क्लच अर्धा दाबून ओढत नेणं. क्लच प्लेट घासतात, पेट्रोल जातं, वेग वाढत नाही. इंजिन धडधडायला लागलं की एक गिअर खाली.

टाकीफुल्ल

हायवेबद्दल राहिलं. ५५ ऐवजी ८० म्हणजे हवेचा अडथळा दुपटीहून जास्त, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. तुमची ५८.८ आणि ५०.४ मधली बरीचशी दरी तिथलीच, बाकी पोवई नाक्याच्या गर्दीची. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगपटावर घेतलेला असतो. तिथं ना वारा, ना डबलसीट.

आणि पेट्रोलही बदललंय, त्यात आता उसापासूनही बनणारं इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. वीस टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. उसाच्या पट्ट्यात राहून त्याबद्दल कुरकुर करायची सोय नाही, पण जुन्या ॲव्हरेजशी ताडताना तेवढं वजा करा.

नटबोल्ट_कराड

गाडीकडून दोनच गोष्टी बघा, फुकटात होतात. डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मागचं चाक हातानं जोरात फिरवा. दोन-तीन फेरे सहज फिरायला हवं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ब्रेक घासतोय, मागची नटी सैल करा, पॅडल खेळतंय ना ते बघा. दुसरं हवा: सकाळी टायर थंड असताना, स्टिकरवर लिहिलेली. डबलसीटचा मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तो कोणी वाचत नाही.

अजिंक्यतारा_१२५

ग्रुपवर १४७ टाकलं, चुलतभाऊ गप्प. चाक एका फेऱ्यात थांबतंय, पण ब्रेकची नटी सैल केली तरी तसंच. चेन असेल का? ढील स्टँडवर बघायची की गाडीवर बसून?

नटबोल्ट_कराड

स्टँडवर, खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध बोटानं वर-खाली करून. १२५ सीसीला बहुधा २० ते ३० मिमी, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. पण एकाच जागी बघू नका. चाक हळूहळू फिरवत चार ठिकाणी बघा. झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबते. जिथं सगळ्यात ताठ असेल तिथं २० च्या खाली असेल तर ढिली करा, आणि दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. चार ठिकाणी चार आकडे आले तर ढिली करून उपयोग नाही, पूर्ण चेन किट बदला.