‘द बर्ड्स’मधले पक्षी हल्ला का करतात?

सागरगोटा:
दिग्दर्शक हिचकॉकचा १९६३चा ‘द बर्ड्स’ पुन्हा पाहिला. कॅलिफोर्नियातल्या बोडेगा बे गावात पक्षी माणसांवर तुटून पडतात आणि शेवटपर्यंत कारण कळत नाही. माझ्या मते कारण शोधायला गेलं की सिनेमाची धारच जाते. रेस्टॉरंटमधला प्रसंग आठवा. पक्ष्यांच्या अभ्यासक बाई ठासून सांगतात, वेगवेगळ्या जाती असे एकत्र थवे करतच नाहीत. दारुडा म्हणतो, जगबुडी आली. भेदरलेली एक आई थेट गावात नव्याने आलेल्या नायिकेवर, मेलनीवर घसरते, तू आलीस आणि हे सुरू झालं! आपल्याला सुचेल ते प्रत्येक कारण हिचकॉकने आधीच कुणाच्या तरी तोंडी घालून निकालात काढलंय.

केतकी_:
असहमत. पहिली चोच कधी बसते ते बघा ना. मेलनी तिला आवडलेल्या मिचच्या घरात लव्हबर्ड्सची जोडी गुपचूप ठेवून होडीतून परत येते, मिच धक्क्यावर उभा, आणि नेमका तेव्हाच सीगल तिच्या डोक्यावर झडप घालतो. मिचच्या विधवा आईला, लिडियाला, एकटं पडण्याची धास्ती आहे, हे मिचची जुनी प्रेयसी अ‍ॅनी स्पष्ट बोलून दाखवते. माझ्या मते हल्ल्यांमागे हीच धास्ती आहे. मेलनी घरात रुळत जाते तसे हल्ले वाढतात. शेवटी ती रक्तबंबाळ झाल्यावरच लिडिया तिला जवळ घेते.

पक्षीमित्र:
ऑगस्ट १९६१मध्ये कॅलिफोर्नियातच, कॅपिटोला इथे शिअरवॉटर हे समुद्रपक्षी रात्री घरांवर धडाधड आदळले होते. हिचकॉकला ती बातमी ठाऊक होती. पुढे त्या काळातले प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) जपलेले नमुने तपासले, तेव्हा डोमोइक आम्ल हे विष तयार करणारं शैवाल सापडलं. ते विष मेंदूवर परिणाम करतं.

सागरगोटा:
पक्षीमित्र, माहिती मोलाची आहे, पण ते पक्षी भरकटले होते. सिनेमातले वाट बघतात! शाळेबाहेर मेलनी सिगारेट ओढत बसलीय, मागे मुलांच्या खेळायच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा, मग चार-पाच. उडत्या कावळ्यामागे तिची नजर फिरते तर सगळा सांगाडा काळा झालेला. मुलं बाहेर पडेपर्यंत एकही हलत नाही. विषबाधा झालेला पक्षी असा दबा धरून बसेल का?
आणि केतकी, शेतकरी डॅन फॉसेटचं काय? तो आपल्या खोलीत मरतो, त्याचा मेलनीशी काडीचा संबंध नाही. लेखिका डाफ्ने द्यु मोरियेच्या १९५२च्या मूळ कथेत तर मेलनीही नाही. तिथे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधला एक शेतमजूर आणि त्याचं कुटुंब आहे, तरी पक्षी येतातच.

केतकी_:
तोच तर माझा मुद्दा! मूळ कथेत नसलेली प्रेयसी आणि धास्तावलेली आई सिनेमात मुद्दाम आणली, ती उगाच? अ‍ॅनी मिचची जुनी प्रेयसी, ती मरते. मेलनी नवी, ती मरता मरता वाचते. लिडिया मात्र सुखरूप. डॅनला एक वेळ योगायोग म्हणू, पण या तिघींची वाटणी योगायोगाने झालीय हे मला पटत नाही.