वाढदिवसाला कोणता लावू: १९९४चा 'लायन किंग' की 'मुफासा'?

रानजाई: शनिवारी लेकीचा सातवा वाढदिवस. घरी तिच्या मैत्रिणी येतील, पाच ते आठ वयाच्या. साडेपाचला सिनेमा, सातला पावभाजी, म्हणजे हातात दीड तास. टीव्ही आहे तोच, वेगळा खर्च करायचा नाही. मूळ 'लायन किंग' की सिंबाच्या वडिलांची आधीची गोष्ट सांगणारा २०२४चा 'मुफासा'? दोन्ही पाहिलेल्यांनीच सांगा. २०१९चा संगणकावर केलेला 'लायन किंग' नको, त्यातल्या सिंहांचे चेहरे हलतच नाहीत.

जुना_अँटेना: १९९४. ८८ मिनिटांचा आहे, पावभाजीच्या आत संपतो. मुफासा दोन तासांना टेकतो. आणि हाताने काढलेल्या स्कारची, म्हणजे सिंबाच्या दुष्ट काकाची, एक भुवई वर गेली की त्याच्या मनातलं कळतं, ते संगणकाच्या सिंहाला अजून जमलेलं नाही. संगीत आणि गाणं दोन्हींना ऑस्कर मिळालंय.

पडदेवाला: प्रोजेक्टर घ्या. आम्ही दिवाळीत घेतला, हॉलची अख्खी भिंत भरते. मुफासातली बर्फातली वाट टीव्हीवर बघण्यात काही अर्थ नाही.

रानजाई: खर्च नको असं वर लिहिलंय.

पडदेवाला: एकदाच होतो हो. पुढे सगळे वाढदिवस त्यातच निघतात.

चिऊचं_घर: मूळ सिनेमात मध्यंतराच्या आतच सिंबाचा बाप मुफासा जातो, हे मोठी माणसं विसरतात. आमच्या शेजारी वाढदिवसालाच लावला होता. सिंबा मेलेल्या मुफासाच्या पंजाखाली शिरून निजतो ना, तिथे एक मुलगी रडायला लागली, मग एकेक करत सगळ्याच. केकजवळ कुणी जाईना.

जर्सीतला_जोशी: आम्ही इथे पहिल्याच आठवड्यात मुफासा आयमॅक्सला पाहिला. चित्रं अप्रतिम. तरी माझं मत १९९४ला. ८८ मिनिटंच आहे, दीड तासात बसतो.

मांडवीकाठ: मुफासा हिंदीत लावा. आवाज बघा: शाहरुख मुफासा, टिमॉन-पुंबा या विनोदी जोडीतला टिमॉन श्रेयस तळपदे, पुंबा संजय मिश्रा, आणि म्हातारं माकड रफीकी आपले मकरंद देशपांडे! रफीकी सिंबाच्या मुलीला, कियाराला, गोष्ट सांगतो आणि टिमॉन-पुंबा मध्येमध्ये तोंड घालतात. मुलं घाबरायला लागली की तेवढ्यात हसतात. सुरुवातीला पुरात पिल्लू आईवडिलांपासून तुटतं, तेवढं आधी सांगून ठेवा.

जुना_अँटेना: जेम्स अर्ल जोन्सचा आवाज सोडून हिंदी? १९९४ आणि २०१९, दोन्हींत मुफासा तेच होते. २०२४मध्ये ते गेले, तर नवा सिनेमाही त्यांनाच अर्पण केलाय.

मांडवीकाठ: पाच वर्षांच्या मुलीला इंग्रजी किती कळणार?

सह्यकडा: माझा आक्षेप कथेला आहे. मूळ सिनेमात मुफासा सिंबाला सांगतो की ताऱ्यांतून पूर्वीचे राजे आपल्याकडे बघतात, आणि हे त्याला त्याच्या वडिलांनी सांगितलेलं असतं. आपण समजत आलो की राज्य घराण्यात चालत आलंय. नव्या सिनेमात मुफासा पोरका, आणि राजाचा मुलगा टाका, म्हणजे पुढचा स्कार! मग स्कारचा मत्सर रास्तच ठरतो.

ऋतुगंध: तेच तर त्याचं बळ आहे. पाण्यातून मुफासाला ओढून काढणारा टाकाच. भाऊ हवा म्हणून हट्ट धरणाराही तोच. पुढे टाकाला आवडणारी साराबी मुफासाकडे वळते आणि टाका शत्रूला जाऊन मिळतो. हे पाहून मूळ सिनेमातला कडा बघा. मुफासा खाली लोंबकळतोय, स्कार त्याच्या पंजात नखं रुतवतो, ते दुप्पट लागतं. पण त्यासाठी मूळ सिनेमा आधी पाहिलेला हवा. स्कार आधी नुसताच दुष्ट वाटू दे. टाका आधी भेटला तर पहिल्या भेटीतली ती भीती मुलांना कधीच मिळणार नाही. म्हणून १९९४च आधी.

जर्सीतला_जोशी: अनुमोदन. १९९४.

पडदेवाला: आमच्याकडचा प्रोजेक्टर दोन दिवस न्या हवं तर. पुण्यात असाल तर सांगा.

रानजाई: सगळ्यांचे आभार. बहुतेकांनी १९९४ सांगितलाय, तरी मी मुफासा लावतेय, हिंदीतून. पाच वाजताच सुरू करते, पावभाजी सव्वासातला. ऋतुगंध, क्रमाचं तुमचं म्हणणं पटलं, पण चिऊचं_घर यांनी लिहिलेला प्रसंग मनातून जात नाही. मुफासा जातो ते लेकीने पहिल्यांदा पाहावं तेव्हा ती माझ्या मांडीवर असावी, पाहुण्या मुलींच्या घोळक्यात नको. मूळ सिनेमा रविवारी आम्ही दोघीच बघू. पडदेवाला, आम्ही नाशिकला.

जुना_अँटेना: रविवारी तरी इंग्रजीतच लावा.