लिव्हिंग विल करावं की करू नये?

आबा_६८
गेल्या महिन्यात मी आणि आमच्या हिने लिव्हिंग विल केलं. आपण पुढे बोलण्या-सांगण्याच्या अवस्थेत नसू आणि बरं होण्याची आशाही नसेल, तेव्हा कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी याचा संबंध नाही. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. माझ्या कागदात व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, नळीने अन्न नको; वेदनाशामक मात्र शेवटपर्यंत द्या, असं आहे. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने हे करावं असं माझं ठाम मत आहे. ‘आता मशीन काढा’ हे मुलांच्या तोंडून वदवून घेणं मला क्रूर वाटतं.

शुभदा_ठाणे
आबा, मला हे अजिबात पटत नाही. ‘माझा कोणाला त्रास नको’ म्हणत जन्मभर दुखणी अंगावर काढणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. अशा बाईपुढे कागद ठेवला की ती सही करणारच. ती तिची इच्छा म्हणायची की सवय? शिवाय न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून माणसं चालत घरी येतात. त्यांच्या फायलीत हा कागद निघाला तर?

आबा_६८
त्या पेशंटला हा कागद लागूच होत नाही. आजार बरा न होणारा हवा. आधी उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं मंडळ ठरवतं, मग दुसरं मंडळ तपासतं आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि मन बदललं तर कागद कधीही लेखी रद्द करता येतो.

सिस्टर_आयसीयू
मी अतिदक्षता विभागात नोकरी करते. पेशंटने नळी ओढू नये म्हणून पुष्कळदा त्याचे हात पट्टीने कॉटला बांधावे लागतात. नातेवाईक पाच मिनिटं आत येतात, पायाला हात लावतात आणि आधी त्या पट्ट्यांकडे बघतात. बाहेर जवळ राहणारा मुलगा थकून बसलेला असतो, आणि लांबचा फोनवरून सांगत असतो, ‘काहीही झालं तरी सगळं करा.’ पेशंटला काय हवं होतं ते दोघांनाही माहीत नसतं. म्हणून माझं मत आबांच्या बाजूने.

रानवाट
हा सगळा शहरातल्या लोकांचा विषय आहे. आमच्या तालुक्यात धड एक फिजिशियन नाही, दोन मंडळं कुठून आणायची? इकडे पैसे संपले की डामावर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी नेतो या कागदावर, सही करायची, गाडी करायची आणि पेशंट घरी. धाप लागलेला माणूस ओसरीवर दोन-तीन रात्री तळमळतो. मॉर्फिन देणारं कोणी नाही. आधी प्रत्येक तालुक्याला वेदनाशमनाची सोय द्या, मग कागदाचं बोला. तोवर ‘नको’ लिहून देणाऱ्याच्या हातात दुसरं आहे काय?

शुभदा_ठाणे
रानवाट, अगदी हेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवा. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, त्या पुन्हा भानावर आल्याच नाहीत, आणि मे २०१५ मध्ये जाईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं. २००९ मध्ये त्यांना भरवणं थांबवण्याची याचिका कोर्टात आली तेव्हा याच परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. अशी माणसं भोवती असली की कागद लागत नाही.

सिस्टर_आयसीयू
शुभदाताई, त्या परिचारिकांबद्दल मला अपार आदर आहे. पण खुद्द अरुणाताईंना काय हवं होतं? ते कोणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून तर कोर्टात भांडण झालं. आबा, त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्या पंचविशीत होत्या. साठीचं कशाला, अठरा पूर्ण झालेल्या कोणालाही हा कागद करता येतो.

वर्धेकर
विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध थांबवलं. आपल्याला हे नवं नाही.

शुभदा_ठाणे
विनोबा शुद्धीत होते, त्यांनी स्वतः थांबवलं. इथे दहा वर्षांपूर्वीच्या सहीवरून दुसरे थांबवणार. फार फरक आहे.

रानवाट
आबा, एक सांगा, कागद ठेवला कुठे? ऐन वेळी सापडायला हवा ना.

आबा_६८
एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक मुलीकडे. स्थानिक संस्थेने, म्हणजे महापालिकेने किंवा पंचायतीने, अशा कागदांसाठी कस्टोडियन, म्हणजे ते जपून ठेवणारा अधिकारी, नेमायचा असतो. आमच्याकडे तो कोण हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी आवक-जावकला अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. हे बदलायलाच हवं.

शुभदा_ठाणे
आणि काकूंचा कागद कोणी लिहिला?

आबा_६८
तिचा तिने. माझ्यासारखा नाही. तिला नळीने अन्न चालेल, आणि व्हेंटिलेटर एक आठवडा लावून बघा असं तिने लिहिलंय. त्यावरून आमचे दोन दिवस वाजलंही. पण ती हटली नाही.

शुभदा_ठाणे
हे वाचून बरं वाटलं. तरी माझ्या आईला मी हा विषय काढणार नाही. ती आपणहून म्हणाली, तर नोटरीकडे मीच नेईन.