आर्केड फायरचा 'निऑन बायबल': ऑर्गन खरा की कीबोर्ड?

गिटारवेडा: आर्केड फायर या कॅनेडियन बँडच्या 'फ्यूनरल' या पहिल्या अल्बमची पारायणं झाली, आता दुसरा, 'निऑन बायबल' लावलाय. 'इंटरव्हेन्शन' हे गाणं सुरू होताच ऑर्गन अक्षरशः अंगावर येतो. तो खरा आहे की कीबोर्डवर काढलाय? आणि सगळंच एवढं घुमतं कशानं?

खर्जातला: खराच हो, मॉन्ट्रियलच्या सेंट-जाँ-बातिस्त चर्चमधला पाइप ऑर्गन! बाकी बरंचसं काम क्यूबेकमधल्या फार्नम गावात झालं. तिथलं एक जुनं चर्च बँडनं विकत घेतलं आणि त्याचाच स्टुडिओ केला. ऑर्केस्ट्रा आणि पुरुषांचा कोरस बुडापेस्टला जाऊन रेकॉर्ड केला. पहिला अल्बम चालला की हातात पैसा येतो, मग तो कुठे घालायचा हे भल्याभल्यांना सुचत नाही. यांनी जागेत आणि आवाजात घातला. (आमच्या बँडनं टी-शर्टांत घातला असता.) बरं, मोठ्या लेबलकडेही (म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे) गेले नाहीत. अमेरिकेत 'मर्ज'सारख्या छोट्या लेबलनंच मार्च २००७ मध्ये काढला आणि तरी बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम-यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर!

कोपऱ्यातला_ड्रमर: घुमतं ते ठीक, पण शब्द बुडतात त्याचं काय? 'नो कार्स गो' हे गाणं आधी त्यांच्या २००३ च्या ईपीत (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डमध्ये) होतं, तेच इथे नव्यानं वाजवलंय. जुनं ओबडधोबड आहे, पण त्यात दम आहे.

गिटारवेडा: आत्ता दोन्ही लागोपाठ ऐकली. सॉरी ड्रमरभाऊ, नवीनच भारी.

कोपऱ्यातला_ड्रमर: हेडफोन बदला.