ज्युरीत बसून आलो आणि आता वाटतंय हे काम आपलं नव्हेच

सॅनहोजेकर:
अमेरिकेचा सिटिझन होऊन दोन वर्षं झाली आणि कोर्टाचं ज्युरीचं समन्स घरी, म्हणजे बारा साध्या नागरिकांनी खटला ऐकून आरोपी दोषी की नाही ते ठरवायचं. ऑफिसातल्यांनी टाळायचे सतरा उपाय सांगितले, पोलिसांवर माझा काडीचा विश्वास नाही म्हण, लगेच सोडतात वगैरे. बायको म्हणाली शपथ घेतलीस ना, मग गप जा. गेलो. सांता क्लारा काउंटीचं कोर्ट, पहिला दिवस नुसता बसून, म्हणजे एसटी स्टँडच, फक्त वडापाव नाही. मग नंबर लागला आणि कुणाला ठेवायचं ते ठरवायला जज आणि दोन्ही वकिलांचे प्रश्न, घरात कुणाला दारूड्या ड्रायव्हरने उडवलंय का, पोलिसात नातेवाईक आहेत का. मला वाटलं इंजिनियर बघून काढतील, नाही काढलं.

केस साधी होती, दारू पिऊन गाडी चालवल्याची. कॅलिफोर्नियात रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के, याच्या रक्तात ०.०९, पण ते रक्त घेतलेलं दीड तासाने. वकील म्हणे गाडी चालवत होता तेव्हा कमीच होती, नंतर चढली. गुरुवारी दुपारी खोलीत गेलो, पहिलं मतदान दोषी ९, निर्दोष ३, मी त्या तिघांत. निकाल बाराच्या बारा जणांचा एक लागतो. शुक्रवारी साडेतीनला झाला एक, दोषी. नंतर प्रत्येकाला वेगळं विचारतात हाच तुमचा निकाल का. मी हो म्हणालो.

आता खरं सांगतो. माझं मत खरंच बदललं, की घरी जायची घाई झाली होती, हे मला अजून कळलेलं नाही. तासावर पैसे मिळणारी एक बाई शेजारी होती, तिचा चार दिवसांचा पगार बुडाला होता, सारखी घड्याळाकडे बघत होती, तिच्याकडे बघून मलाच अपराधी वाटायला लागलं. कोर्ट देतं दुसऱ्या दिवसापासून रोज १५ डॉलर, म्हणजे चार दिवसांचे ४५ आणि वर थोडं गाडीभाडं. असल्या अवस्थेत कुणाच्या आयुष्याचा निकाल लावायचा? त्यापेक्षा शिकलेला जज बरा असं माझं मत झालंय. पटत नसेल तर सांगा.

पुणेरी_वकील:
शंभर टक्के पटतं. आपण हा प्रयोग करून सोडून दिलाय साहेब. १९५९ चा नानावटी खटला आठवा, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा नेव्हीचा कमांडर, पेपरवाले त्याच्या बाजूने, ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हणून टाकलं. सेशन्स जजला ते पटलं नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली, जन्मठेप झाली, १९६१ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली. त्या खटल्यामुळेच भारतातली ज्युरी गेली. आणि अमेरिकेचं कौतुक सांगू नका, तिथेही ९० टक्क्यांहून जास्त शिक्षा सरकारी वकिलाशी सौदा करूनच होतात.

लंडनची_मावशी:
सॅनहोजेकर, तुम्ही स्वतःवर फार चिडलायत हो. मी इथे इंग्लंडमध्ये क्राऊन कोर्टात, म्हणजे मोठ्या गुन्ह्यांच्या कोर्टात, ज्युरीत दोन आठवडे बसलेय, आणि माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे बरं का. मतदार यादीत नाव असलेल्या कॉमनवेल्थच्या माणसालाही बोलावतात, मला आधी वाटलं चुकून आलंय पत्र. खोलीत काय झालं ते मला सांगता येत नाही, इथे तो गुन्हाच आहे, अगदी नवऱ्यालाही नाही सांगितलं (त्याने दोन आठवडे डोकं खाल्लं ते वेगळं). पण एवढं सांगते, जज रोज तेच तेच बघतो, त्याच्यासाठी तो माणूस त्या दिवसाची तिसरी फाईल असतो. आमच्यासाठी तो एकच होता. तुम्ही आजही त्याच्याबद्दल विचार करताय, जज करत असेल का?

पुणेरी_वकील:
मावशी, विचार करत बसणं वेगळं आणि कारण देणं वेगळं. जजला कारणं लिहावी लागतात, त्यावर अपील होतं. ज्युरी नुसतं दोषी म्हणते आणि घरी जाते. टिळकांचं बघा, १९०८, नऊ जणांची ज्युरी, सात युरोपियन आणि दोन पारशी, ७ विरुद्ध २ ने दोषी, सहा वर्षं मंडाले. ज्युरी म्हणजे म्हणे आरोपीच्या बरोबरीची माणसं, ही टिळकांच्या बरोबरीची का?

मूळचा_गिरगावचा:
वकीलसाहेब टिळकांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ती दोन मतं कुठून आली? ज्युरीतूनच ना? शिक्षा सुनावली ती न्यायमूर्ती दावरांनी, आणि ते तर आपल्यातलेच होते. दोष कुणाला ज्युरीत घेतलं त्याचा होता.

आणि नानावटीमुळे ज्युरी गेली हे व्हॉट्सॲपवालं ज्ञान झालं. सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ज्युरी बंद करा म्हटलं होतं, नानावटीने गोळ्या झाडल्या त्याच्या आदल्या वर्षी. कायद्यातून पूर्ण गेली १९७३ च्या फौजदारी संहितेने. तशी एका कोपऱ्यात आहे अजून, मुंबईतल्या पारशी घटस्फोटाच्या खटल्यात समाजातले डेलिगेट जजबरोबर बसतात.

पुणेरी_वकील:
आयोगाचं मान्य, ते माझं चुकलं. बाकी मत तेच.

सॅनहोजेकर:
मावशी, तुमचं ते तिसरी फाईलवालं दोनदा वाचलं. एक सांगायचं राहिलं. स्कूल बस चालवणारे एक काका होते आमच्यात, त्यांनी पोलिसांचा व्हिडिओ तीनदा मागवला आणि दाखवलं की सिग्नल देऊन गाडी बाजूला घेताना तो आरोपी दोनदा लेनच्या पट्ट्याबाहेर गेला. मी इंजिनियर, मला ते दिसलंच नव्हतं. कदाचित तिथेच माझं मत हललं असेल. पण ती बाई आणि तिचे ४५ डॉलर, ते काही डोक्यातून जात नाही. पगार बुडणाऱ्यांना अडचण सांगून सुटता येतं, पण मग उरतात कोण, रिटायर्ड आणि माझ्यासारखे ज्यांचा पगार चालू राहतो ते. मग बरोबरीची माणसं कुठली राहिली?

नवखा_टेक्ससवाला:
मधेच विचारतो सॉरी, माझं फक्त ग्रीन कार्ड आहे आणि मलाही समन्स आलंय, फेकून देऊ का?

सॅनहोजेकर:
फेकू नकोस बाबा. लायसन्सच्या यादीतून नाव जातं म्हणून येतं. त्यात सिटिझन नाही असा पर्याय असतो, तो भर आणि परत पाठव. आणि चुकूनसुद्धा सिटिझन आहे यावर खूण करू नकोस, पुढे लय महागात पडेल.